परदेशी विद्यार्थी घरी राहिल्याचे अनुभव: खर्च, कटकट आणि मजा

पार्लेकरीण
काल आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. गळती, लिफ्ट, पार्किंग आटपलं आणि शेवटी विषय निघाला की तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे मराठी शिकायला आलेली एक इटालियन मुलगी सहा महिने राहणार आहे. झालं! रात्री कधी येणार, कोण भेटायला येणार, पाणी जास्त लागेल त्याचं काय. मला हसू आवरेना. आमच्याकडे पूर्वी एक जपानी मुलगी राहायची तेव्हा हेच प्रश्न याच मंडळींनी विचारले होते, आणि पुढे हीच मंडळी तिला आरतीला पुढे उभी करायची.

पैशाचं आधी सांगते. दरमहा ठरलेली रक्कम मिळायची. ऐकायला बरी वाटायची, पण गीझर, एसी, नवी गादी, खास आणलेली फळं धरली तर हातात उरायचं भिशीपुरतं. खरा खर्च वेगळाच. आमचं वन बीएचके अधिक बाल्कनी बंद करून केलेली खोली. पाणी पहाटे यायचं, त्यात बाथरूमचे नंबर लावायचे. गाऊनवर हॉलमध्ये यायची सोय गेली. आणि भांडण! सुरुवातीला आम्ही नवराबायको तिच्यासमोर बिनधास्त भांडायचो, तिला कुठे कळतंय म्हणून. मग एक दिवस जेवताना तिने शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही एलआयसीचा हप्ता भरला का?" त्यानंतर आम्ही गच्चीवर जाऊन भांडायला लागलो.

पण सासूबाई! त्यांना घरात कोणी काही विचारेनासं झालं होतं. ही रोज दुपारी वही घेऊन त्यांच्यापुढे बसायची. म्हातारीने दुपारची झोप सोडली. चष्म्याचा नंबर बदलून घेतला. आम्हाला दहा वर्षांत न सांगितलेल्या माहेरच्या गोष्टी आम्ही स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायचो.

तुमचेही अनुभव लिहा, चांगले वाईट सगळे.

नियमबहाद्दर
ताई, तिसऱ्या मजल्यावरच्यांना आधी हे सांगा. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात तो. लोकांना वाटतं हॉटेललाच लागतो. घरालाही लागतो, पैसे घ्या नाहीतर फुकट ठेवा. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत तिला स्वतः एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीकडे, नोंदणी करावी लागते. परदेशी नागरिकांबद्दलचा 1946 चा जुना कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला, पण 24 तासांचं तसंच आहे. पूर्वी झेवियर्स कॉलेजमागच्या कचेरीत सकाळपासून रांग लावायचो, आता बरंच घरबसल्या होतं.

पार्लेकरीण
धन्यवाद! पाठवते त्यांना. आणि सोसायटीवाले नॉन ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाचा जादा आकार, लावू म्हणतायत त्याचं काय?

नियमबहाद्दर
घरमालक स्वतः तिथेच राहतोय ना? मग कसली नॉन ऑक्युपन्सी. आणि फ्लॅट पूर्ण भाड्याने दिला तरी सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही. सेक्रेटरीला सरकारी परिपत्रक दाखवा, गप्प बसतील.

चहाटळ
सेक्रेटरी आणि गप्प?? 😂

मुलुंडची_मनी
आमच्याकडे कॅनडाची होती. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. साधी नाही, जीवावर बेतणारी. हे आधी मेलमध्ये आलं होतं, मी म्हटलं ठीक आहे, शेंगदाणे नाही देणार. मग स्वयंपाकघरात उभी राहिले आणि डोळे फिरले. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्यात कूट, लाल चटणी, चिवडा, लाडू, आणि वर घाण्याचं शेंगदाणा तेल! मिक्सरचं भांडं बदललं, खलबत्ता कपाटावर गेला, तेल सूर्यफुलाचं आलं. तिने पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना इंजेक्शन मांडीत कसं द्यायचं ते दाखवलं, सासऱ्यांनी तर दोनदा विचारून घेतलं. मला रात्री झोप लागायची नाही. दिवाळीत शेजारच्या ताटांतला चिवडा दारातच वेगळा काढायचे.
मुलगी मात्र इतकी गोड! भाकरी थापायला शिकली, माझ्यापेक्षा गोल.

गिरगावची_सून
मने, कूट नाही तर मग उपासाला काय करायचीस गं?

मुलुंडची_मनी
थांब, कुकर लावलाय, मग लिहिते.

कलिना_जुना
आमचं घर विद्यापीठाच्या जवळ, त्यामुळे असे पाहुणे बरेच झाले. पण 26 जुलै 2005 ला जो जर्मन पोरगा आमच्याकडे होता तो विसरणार नाही. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. पोरगा दुपारी दक्षिण मुंबईतून निघाला होता. लोकल बंद, फोन लागेना, खाली आमच्या गल्लीत छातीभर पाणी. त्याच्या आईचा फोन रात्री कसाबसा लागला. दुसऱ्याच्या पोटच्या पोराबद्दल "माहीत नाही" असं त्याच्या आईला सांगायचं म्हणजे काय असतं ते त्या रात्री कळलं. मी पैसे घेत होतो म्हणून तर आणखीच लाज वाटत होती.
दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आला. दादरला एका कुटुंबाने रात्रभर ठेवून घेतलं होतं, पिठलंभात खाऊ घातला होता, त्यांच्या मुलाचा शर्ट अंगात. आमच्या हिने त्याला आधी झापलं, मग अंघोळीला पाणी तापवलं.
त्यानंतर मी एकच नियम केला. जो येईल त्याने गल्लीतल्या दोन घरांचे, वाण्याचे आणि आमच्या ऑफिसचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायचे. मोबाइल बंद पडतो, कागद पडत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मात्र.

पार्लेकरीण
काका, वाचून काटा आला. आम्ही त्या दिवशी वांद्र्याला बसमध्ये अडकलो होतो.

चहाटळ
मी पण! एस. व्ही. रोड? कोणी बिस्किटं वाटत होतं का?

पार्लेकरीण
हो हो, वडापावही. वेगळी बस असेल, पण हो.

गोरेगावकर
गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू लिहितो. आमच्याकडचा अमेरिकन मुलगा मराठी शिकायला आला आणि न शिकता गेला. चूक त्याची नाही. घरात माझी दोन्ही पोरं त्याच्यावर इंग्रजीचा सराव करायची. बायको म्हणायची, बोलू दे, मुलाखतीत उपयोग होईल. बाहेर रिक्षावाला हिंदीत, भाजीवाला हिंदीत, आणि आपले मराठी शेजारीसुद्धा गोरा चेहरा दिसला की इंग्रजीत. तो बिचारा "मला मराठीत सांगा" म्हणायचा, समोरचा "ओह, व्हेरी गुड" म्हणून पुढचं सगळं इंग्रजीत. पैसे त्याने मोजले, शिकवणी आमच्या पोरांची झाली. मला हे अजून खटकतं. घरी ठेवायचं तर घरात तरी मराठीत बोला, नाहीतर लॉजच आहे.

पुण्याहून_सुखरूप
म्हणून तर अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे वर्ग पुण्यात भरतात. 😌

चहाटळ
आले! पुण्यात दुपारी 1 ते 4 कोण बोलतं त्यांच्याशी?

पुण्याहून_सुखरूप
तेव्हा ते गृहपाठ करतात.

कामावर_आहे
फक्त एक सूचना, बोटाने लिहितोय लोकलमध्ये. टिश्यूचा रोल कमोडमध्ये टाकू नका हे पहिल्याच दिवशी सांगा. जुनी बिल्डिंग, जुने पाइप. प्लंबरने जे घेतले त्यात त्या महिन्याची कमाई गेली. लाजू नका. आम्ही लाजलो.

गिरगावची_सून
आम्ही कधी ठेवलं नाही कोणाला, चाळीत जागा कुठे. पण समोरच्या खोलीत एक फ्रेंच मुलगी राहायची, नळावर भांडायला सगळ्यात आधी तीच. अख्खा मजला तिचा पाठीराखा.
मनी, झाला का कुकर?

मुलुंडची_मनी
झाला! अगं, ओलं खोबरं घालायचं कुटाऐवजी, अगदी शेवटी, गॅस बंद करून. साबुदाणा मात्र रात्रीच भिजव आणि पाणी त्याच्या वर येऊ देऊ नकोस. जिरं तुपात. भगर केलीस तर आमटीला नारळाचं दूध घाल, दाण्याची आठवण येत नाही.

गिरगावची_सून
बटाटा कच्चा की उकडलेला?

मुलुंडची_मनी
कच्चा, पातळ काप. झाकण ठेव.