"नवी मुंबई शून्यातून उभी राहिली" म्हणे!

खारवाला:
परवा इथे एकाने लिहिलं, "नवी मुंबई शून्यातून उभारलेलं शहर आहे. आधी नुसतं खाजण आणि डास. गाववाल्यांचं नशीब फळफळलं, तरी रडगाणं संपत नाही." दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

१९७० ला सिडको, म्हणजे हे शहर वसवायला सरकारने काढलेली कंपनी निघाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नकाशात घेतली गेली. शून्याचा सातबारा निघतो का हो? आज जिथे तुमचे सेक्टर आहेत त्यातल्या कितीतरी जागी खारजमिनी होत्या. खाडी अडवायला मातीचा बांध, बांधात लाकडी उघाडी. भरतीला बंद, ओहोटीला उघडी, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर आणि खारं पाणी आत नाही. उधाणाला बांध फुटला की अर्ध्या रात्री सगळा गाव चिखल टाकायला धावायचा, कारण एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन पिकं गेलीच. म्हणून आमच्याकडे राता लावायचे. लाल तांदूळ, खार सोसणारा. आजी त्याची पेज करायची, वर सुकटीची चटणी. हे सगळं डासांनी पिकवलं का?

आणि नशीब आपोआप नाही फळफळलं. जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ ला जासई, दास्तान फाटा, नवघर इथे पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले. आमचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के आले, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढे विकसित प्लॉट परत.

सीवूड्सकर:
ते लिहिणारा मीच. गावं होती, मान्य. पण शहर आम्हालाही आयतं नाही मिळालं. वडील लालबागच्या चाळीतून वाशीत आले तेव्हा लोकल नव्हती, ती १९९२ ला आली. तोवर बसच्या रांगेत उभं राहून कुर्ला गाठायचे. नातेवाईक विचारायचे, "काळ्या पाण्यावर का गेलात?" आमच्या त्या वर्षांना काहीच किंमत नाही?
आणि साडेबाराचे प्लॉट बिल्डरच्या घशात कोणी घातले? आम्ही?

खारवाला:
साडेबारातले पावणेचार सुविधांच्या नावाने कापले, हातात पावणेनऊ. तेही ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. बापजाद्यांच्या जमिनीवर आम्ही भाडेकरू झालो. त्यात चार भाऊ, सहा चुलते आणि इमारत बांधायला दमडी नाही. बिल्डरकडे जाणार नाही तर कुठे जाणार?

नकाशेबाज:
दोघांचीही गाडी भरकटतेय. मूळ कल्पना वाईट नव्हती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता, शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडली होती. जमीन सरकारने घ्यायची, विकसित करून विकायची, त्या पैशात शहर उभं करायचं आणि सरकारी कचेऱ्याही खाडीपलीकडे न्यायच्या. मंत्रालय काही हललं नाही. बोंब तिथे झाली.

खारवाला:
कल्पना छान हो. भांडवल आमचं होतं, एवढंच.

माहेरवाशीण:
"चार भाऊ, सहा चुलते." बहिणी किती होत्या दादा? मोजल्याच नाहीत ना?
आमचा प्लॉट निघाला तेव्हा मला माहेरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर साडी आणि कागद एकदमच पुढे आले. हक्कसोड. "तुला कुठे कमी आहे, भावांना सही दे." दिली. दोन वर्षांत तिथे सात मजले उभे राहिले. भावांचे तीन फ्लॅट, खाली गाळे. माझ्या वाट्याला भाऊबीजेचं पाकीट.
सरकारने लुटलं म्हणून मोर्चे काढता. घरात कोणी लुटलं, त्याचा मोर्चा कधी?

पनवेलचा दादा:
ताय, घरानची गोष्ट इथं कशाला कारतेस? बहिणीच्या लग्नाला खर्च होतोच की. हळदच लाखात जाते. वर परत वाटा?

माहेरवाशीण:
हळदीला डीजे तुम्हाला हवा, पंगत तुमच्या मानासाठी, बिल माझ्या नावावर? तुमच्या बहिणीच्या लग्नाच्या खर्चाचा हिशेब इथे टाका. त्याशेजारी प्लॉटचा भाव टाका. मग बोलू.

पनवेलचा दादा:
बायकांना हल्ली कोर्टाची हौस आलीय. भाऊ तुटला की माहेर तुटतं, लक्षात ठेवा.

माहेरवाशीण:
ही धमकी आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

वकीलकाका:
आवाज खाली. बाप मृत्युपत्र न करता गेला तर वारस म्हणून मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही आहेच. महाराष्ट्राने १९९४ ला अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, केंद्राने २००५ ला सगळ्याच मुलींना. २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. सह्या उगाच घेत नाहीत दादा. हक्क असतो म्हणूनच सोडून घेतात.

खारवाला:
ताई, तुमचं खरं आहे. पण विषय शहराच्या इतिहासाचा आहे.

माहेरवाशीण:
आणि मी काय भूगोल सांगतेय? राबाला पानं-पाचोळा कोणी वाहिला, लावणीला वाकून कोण होतं? माझी आईच ना? सातबाऱ्यावर मात्र नाव आजोबांचं.

डोलकर:
तुमच्याकडे भांडायला सातबारा तरी आहे. खाडीचा सातबारा कोणाच्या नावे? आमची निवटी, चिंबोरी, बोईस, सगळी खाडीची मासळी भरावाखाली गेली. टक्केवारी कशाची मागायची, ओहोटीची?

सीवूड्सकर:
बरं बाबा, दुरुस्त करतो. शून्यातून नाही, ९५ गावांच्या शेतांतून, खाडीतून आणि बहिणींच्या सह्यांतून उभारलेलं शहर. झालं समाधान? आता तो हळदीचा डीजे दहाला बंद करा, म्हणजे उपकार होतील.

खारवाला:
करतो. तुम्ही सोसायटीच्या गेटवरची "गावातील वाहनांस मनाई" पाटी काढा.

पनवेलचा दादा:
डीजे बंद होणार नाही.

माहेरवाशीण:
डीजेवर धागा शंभरी गाठेल, चालू द्या. वकीलकाका, वडील १९९८ ला गेले, मृत्युपत्र नव्हतं. हक्कसोड २००३ ची, नोंदवलेली. काही होऊ शकतं?

वकीलकाका:
नोंदवलेली असेल तर अवघड. फसवून सही घेतली हे सिद्ध करावं लागेल, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. २००५ च्या कायद्याने २० डिसेंबर २००४ च्या आधीचे व्यवहार उकरता येत नाहीत. तरी दुय्यम निबंधकाकडून दस्ताची नक्कल काढा. त्यात नेमकं काय सोडलंय ते आधी वाचू. माझ्या अनुभवात निम्म्या बायकांनी ते कधी वाचलेलंच नसतं.