दहा वर्षांच्या मुलांना 'ब्राऊन गर्ल ड्रीमिंग' वाचायला द्यावं का?

मीनल_ठाणे: काळ्या अमेरिकन लेखिका जॅकलिन वुडसनने स्वतःच्या लहानपणावर लिहिलेलं हे पुस्तक, सगळं मुक्तछंदातल्या कवितांमधून. १९६३ चा ओहायोतला जन्म, मग आईवडील वेगळे झाले, मग साउथ कॅरोलायनात ग्रीनव्हिलला आजोळी, तिथून ब्रुकलिन. आमच्या मुलांच्या वाचनगटासाठी सुचवलं तर एक पालक म्हणाले, एवढ्याशा पोरांना मोडलेलं घर आणि वर्णद्वेष कशाला? मला तर हेच वय बरोबर वाटतं.

कंदी_पेढा: पालकांचं बरोबरच आहे की. मामा तुरुंगात, धाकटा भाऊ भिंतीचा रंग खाऊन दवाखान्यात, आजोबा खोकून खोकून बेजार, एक संपलं की दुसरं. पोरांनी जरा हसायचं कधी?

रातकिडा: पूर्ण वाचलंय का पण? रडारड नाहीच त्यात. आजोबांची बाग आहे, आई त्यांना डॅडी म्हणते म्हणून नातवंडंही डॅडीच म्हणतात, आपल्याकडे आईचं ऐकून पोरं म्हणतात तसंच. आणि वर्णद्वेष येतो तो असा, की कायदा बदललाय, बसमधे कुठेही बसता येतं, तरी आजी पोरांना घेऊन गुपचूप मागेच जाते, कारण पुढे बसलं की गोरे कसे बघतात ते तिला नको असतं. 'फक्त गोऱ्यांसाठी' या पाट्यांवर रंग मारलाय पण इतका पातळ की खालची अक्षरं दिसतात. दहा वर्षांच्या मुलाला हे कळत नाही म्हणता?

कंदी_पेढा: कळेल हो, पण ते सगळं साठ वर्षांपूर्वीचं.

रातकिडा: साठ? २०१४ ला याच पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि त्याच स्टेजवर सूत्रसंचालक डॅनियल हँडलरने तिच्यावर कलिंगडाचा विनोद केला, काळ्यांना हिणवायचा तिकडचा जुना प्रकार. नंतर माफी मागितली म्हणा.

भीमथडी: माझा आक्षेप वेगळाय. अमेरिकेतल्या आजीसाठी पोरं हळहळणार आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आडनाव विचारून डबा शेअर करायचा की नाही ते ठरवणार. दया पवारांचं दलित आत्मकथन 'बलुतं' १९७८ पासून आहे ना घरात? त्यातलं आधी सांगा.

मीनल_ठाणे: बलुतं दहा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ? मुलांसाठी लिहिलेलं सुचवा, दोन्ही घेते.

भीमथडी: हातात नका देऊ, निवडून वाचून दाखवा. मोठ्यांनी आधी स्वतः वाचलेलं असलं म्हणजे झालं.

एडिसनकर: आमची लेक इथे अमेरिकेत शाळेतून हे घेऊन आली आणि म्हणाली, आई, ब्राऊन म्हणजे आपणच ना? काय सांगणार, भारतातून येताना गोरं व्हायच्या क्रीमच्या ट्यूबा आणणारे आम्हीच. सांगितलं की ही काळ्या अमेरिकन मुलीची गोष्ट आहे, तर म्हणे मग आजी मला उन्हात खेळू का देत नाही? द्याच पुस्तक, पण असल्या प्रश्नांची तयारी ठेवून.

कंदी_पेढा: तेच तर म्हणतोय, तयारी कुणाची आहे? मी सातवीपर्यंत थांबणार.