मदत हवी आहे: गर्दी झाली की डेटाबेसची कनेक्शनं संपतात, मर्यादा किती ठेवू?

नमस्कार मंडळी,

तीन दिवस डोकं लावून बसलोय, आता जाणकारांनी वाट दाखवावी.

नोंदणीचं एक वेब अॅप्लिकेशन सांभाळतो. फ्लास्क (पायथनचं वेब फ्रेमवर्क), एस्क्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी), गनिकॉर्न (अॅप चालवणारा सर्व्हर) आणि मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. अॅपची ४ मशिनं, प्रत्येकावर ४ वर्कर (अॅपच्या स्वतंत्र प्रोसेस), प्रत्येक वर्करमध्ये ३२ थ्रेड. डेटाबेसचं मशीन वेगळं, ८ कोरचं. एरवी सगळं सुरळीत चालतं. नोंदणी खुली झाली की मात्र दोन-तीन मिनिटांत लॉगमध्ये "सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी" या ओळींचा पाऊस सुरू होतो. लोक पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात, त्यामुळे गर्दी आणखी वाढते.

पोस्टग्रेसची मॅक्स कनेक्शन्स ही मर्यादा मुळात १०० होती, ती मी ३०० केली. एरर गेली, पण पुढच्या गर्दीत पानं उघडायला १०-१२ सेकंद लागायला लागली. आणि डेटाबेसच्या मशीनचा सीपीयू तेव्हा ३० टक्क्यांच्या वर नव्हता! हे काही मला उलगडत नाही.

आता ५०० करू, की मध्ये पीजीबाउन्सर (अॅप आणि डेटाबेसच्या मध्ये बसून कनेक्शनं वाटून देणारा प्रोग्राम) बसवू? ज्यांची नोंदणी अर्धवट राहिली त्यांचे फोन येतात, तेव्हा काय सांगावं कळत नाही. खूप वाईट वाटतं.

प्रतिसाद १

५०० अजिबात करू नका. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो. शिवाय एका क्वेरीतली प्रत्येक सॉर्ट वर्क मेम या सेटिंगच्या मर्यादेपर्यंत वेगळी मेमरी मागू शकते, म्हणजे कनेक्शनं वाढवली की मेमरीचा धोकाही वाढतो. ८ कोर एका वेळी शेकडो क्वेऱ्या चालवू शकत नाहीत. कोरच्या दुप्पट अधिक एखाददुसरं, हा जुना ठोकताळा सुरुवातीला बरा पडतो. तुमच्याकडे तो १७च्या आसपास येईल.

एक हिशेब मांडून बघा. एस्क्यूएलअल्केमीचा पूल (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं) बदलला नसेल तर पूल साइझ ५ आणि मॅक्स ओव्हरफ्लो (गरज पडल्यास उघडायची जास्तीची कनेक्शनं) १०. पूल प्रत्येक वर्करचा वेगळा असतो, अख्ख्या अॅपचा एक नाही. तुमचे वर्कर १६. म्हणून एरवी १६ गुणिले ५, म्हणजे ८० कनेक्शनं, १००च्या आत. गर्दीत ओव्हरफ्लो उघडला की १६ गुणिले १५, थेट २४०. शंभरातली ३ तर सुपरयूजरसाठी राखीव असतात. एरवी नीट चालून गर्दीत कोसळतं ते यामुळे.

प्रतिसाद २

वरचा हिशेब बरोबर आहे, पण सीपीयू ३० टक्के हे मला जास्त खटकतंय. डेटाबेस कामाने दबलेला नाही, तो कशाची तरी वाट बघत बसलाय. पुढच्या गर्दीत पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटीमधून (कोणतं कनेक्शन काय करतंय ते पोस्टग्रेस तिथे दाखवतो) स्टेटनुसार मोजणी काढा आणि इथे टाका. त्याआधी कुठलाही आकडा बदलू नका.

धागाकर्ता

आज सकाळी काढली. अॅपची एकूण २४०. त्यात अॅक्टिव्ह ९, आयडल ५ आणि "आयडल इन ट्रान्झॅक्शन" (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतीच थांबलेली) २२६! त्या २२६ मधल्या जवळजवळ सगळ्यांची शेवटची क्वेरी एकच, नोंदणीच्या टेबलमधला इन्सर्ट.

प्रतिसाद २

सापडलं. इन्सर्ट आणि कमिट (बदल पक्का करून ट्रान्झॅक्शन संपवणं) यांच्यामध्ये तुमचा कोड काय करतो?

धागाकर्ता

अरे देवा. पोचपावतीचा ईमेल पाठवतो. ईमेल गेला नाही तर नोंदणी रोलबॅक (रद्द) व्हावी म्हणून कमिट मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ईमेलच्या सेवेला एरवी अर्धा सेकंद लागतो, गर्दीत ३ सेकंद.

प्रतिसाद २

मग बघा. सेकंदाला ७५ नोंदण्या आणि प्रत्येकीने कनेक्शन ३ सेकंद धरलं, तर एका वेळी २२५ अडकून राहणार. तुमच्या २२६शी जुळतंय. तेच कनेक्शन २० मिलिसेकंदांत सुटलं तर त्याच ७५ नोंदण्यांना सरासरी दीड पुरतं.

पीजीबाउन्सरने इथे काही होणार नाही. ट्रान्झॅक्शन मोडमध्येसुद्धा तो सर्व्हरकडचं कनेक्शन ट्रान्झॅक्शन संपल्यावरच परत घेतो, आणि तुमचं ट्रान्झॅक्शन संपतच नाहीये.

ईमेल बाहेर काढा. पण नुसतं कमिट करून लगेच पाठवू नका, मध्येच प्रोसेस मेली तर पोचपावती कायमची हरवेल. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये "पाठवायचे ईमेल" अशा टेबलमध्ये एक ओळ घाला, कमिट करा, आणि वेगळ्या वर्करला ती ओळ उचलून पाठवू द्या. ईमेल गेल्यावर खूण करायच्या आधी तो वर्कर मेला तर पोचपावती दोनदा जाईल, तेवढं चालवून घ्या.

मग ओव्हरफ्लो ० करा आणि पूल टाइमआउट (पूलमधलं कनेक्शन मिळायची वाट बघायची मुदत) ३० सेकंदांवरून २-३ वर आणा. माणसाला अर्धा मिनिट ताटकळत ठेवण्यापेक्षा "थोड्या वेळाने प्रयत्न करा" असं लगेच सांगितलेलं बरं. आयडल इन ट्रान्झॅक्शनचा टाइमआउटही १० सेकंद लावून ठेवा, उद्या दुसऱ्या कोणी हीच चूक केली तर लॉगमध्ये लगेच दिसेल.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार! ईमेल बाहेर काढला, पूल साइझ ३, ओव्हरफ्लो ०, मॅक्स कनेक्शन्स परत १००. आज गर्दीच्या वेळी आयडल इन ट्रान्झॅक्शन ४च्या वर गेली नाहीत आणि पानं पटापट उघडत होती. आज एकही फोन आला नाही.

एक शंका राहिली. अहवालाची एक क्वेरी ४० सेकंद चालते, ती याच पूलमधून जाते.

प्रतिसाद १

तिला वेगळा डेटाबेस यूजर द्या आणि त्या यूजरवर कनेक्शन लिमिट ३ लावा, म्हणजे अहवाल कितीही मागवले तरी नोंदणीच्या वाट्याला हात लागणार नाही. आणि पूल साइझ २ करा. नवीन आवृत्ती चढवताना जुने आणि नवे वर्कर थोडा वेळ एकत्र चालत असतील, तर आताच्या १६ गुणिले ३, म्हणजे ४८चे ९६ होतील. राखीव ३ वजा जाता तुमच्याकडे ९७च आहेत, आणि मायग्रेशन, बॅकअप यांनाही जागा लागते.