मदत हवी आहे: पंट ब्लॉक केला तरी फ्लॅग कसा काय? (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

मक्याच्या_शेतात
नमस्कार मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. शनिवारी आमच्या युनिव्हर्सिटीच्या मॅचला गेलो होतो, चौथा क्वार्टर, आम्ही 4 पॉइंटनी मागे, समोरच्यांची पंट किक (बॉल हातातून सोडून लांब मारतात ती) आमच्या पोरानं सरळसरळ ब्लॉक केली, बॉल उचलून एंड झोनमध्ये नेला, अख्खं स्टेडियम उभं आणि बघतो तर पिवळा फ्लॅग (रेफ्रीची फाऊलची खूण) पडलेला. टचडाऊन रद्द, बॉल परत त्यांना, मॅच गेली. बॉलला हात लागला की किकरला धक्का लागला तरी चालतो असाच नियम आहे ना? शेजारचे आजोबा सोबत होते, ते म्हणाले कॉल बरोबर आहे, आणि मी त्यांच्यावर जरा आवाज चढवला. लवकर सांगा, या शनिवारी परत त्यांच्याच गाडीतून जायचंय.

अनघा_पुणे
किक मारली त्या वेळी गोलकीपरचा एक पाय तरी लाईनवर होता का? नसेल तर पेनल्टी परत घ्यायला लावतात.

मक्याच्या_शेतात
ताई, ते फुटबॉल नाही हो. हातात बॉल घेऊन पळतात ते.

सिएटलवासी
अरे पंट होता की फील्ड गोल (खांबांमधून पॉइंटसाठी मारतात ती किक)? फ्लॅग कशाचा? किती यार्ड? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

कोलंबसकाका
लीपिंगच (उडी मारण्याचा फाऊल) असणार, लिहून ठेवा. 2016 ला पेन स्टेटच्या मार्कस एलननं उडी मारून आमची 45 यार्डांची किक अडवली, ग्रँट हेलीनं 60 यार्ड पळवत नेली आणि ओहायो स्टेट 24-21 हरलं. तेव्हापासून हे नियम मी पाठ केलेत. 2017 पासून फील्ड गोलला मागून धावत येऊन लाईनवरच्या माणसावरून उडी मारली की 15 यार्ड, मग खाली कुठेही उतरा. स्नॅपच्या (बॉल मागे देऊन खेळ सुरू होतो त्या) वेळी लाईनच्या एका यार्डात स्थिर उभा असलेल्याला चालतं.

मक्याच्या_शेतात
काका, उडी कुणी मारलीच नाही. पंट होता असं मी शीर्षकातच लिहिलंय. रफिंग द किकर (किकरला इजा होईल असं आदळणं), 15 यार्ड.

सिएटलवासी
आमच्या इथलं ऐक मग. 2008, वॉशिंग्टन विरुद्ध ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी. आमच्या जेक लॉकरनं 2 सेकंद राहिले असताना टचडाऊन केला आणि आनंदात बॉल वर भिरकावला. 15 यार्ड. एक्स्ट्रा पॉइंटची सोपी किक गेली 35 यार्डांवर, ती ब्लॉक झाली, 28-27 नी हरलो. नियमात बसत असेलही पण असा फ्लॅग टाकायचा नसतो!

कोलंबसकाका
का टाकायचा नाही? नियम आहे तर आहे.

सिएटलवासी
मग 2009 ला अलाबामाच्या टेरेन्स कोडीनं टेनेसीची शेवटची किक अडवली आणि बॉल अजून जिवंत असताना हेल्मेट काढून फेकलं, तेव्हा कुठे होता नियम? 12-10 मॅच होती. टेनेसीचा कोच लेन किफिन रेफ्रींवर बोलला तर कॉन्फरन्सनं (त्यांच्या लीगनं) त्यालाच समज दिली.

चेनक्रूवाली
अहो ते दोन्ही फ्लॅग वेगळे, याच्या प्रश्नाशी काही संबंध नाही. (मुलाच्या हायस्कूलच्या मॅचेसना साइडलाईनवर यार्ड मोजायची चेन धरते, तिथल्या रेफ्रींकडून हे कानावर पडत असतं, कॉलेजचं नियमपुस्तकही वाचलंय.) मला एकच सांग, बॉलला हात लावणारा आणि किकरवर आदळणारा एकच खेळाडू होता का?

मक्याच्या_शेतात
नाही, हात 44 नंबरनं लावला, आदळला 9 नंबर. पण त्यानं काय फरक पडतो?

चेनक्रूवाली
सगळा फरक त्यानंच पडतो रे. ज्यानं ब्लॉक केला त्याला माफ. दुसऱ्यानं किकरला उडवलं तर फाऊल.

कोलंबसकाका
अर्धंच सांगताय. किकला हात लागल्यावर झालेला धक्का रफिंग धरत नाहीत असंही कलम आहे, आणि त्यांच्याच माणसानं ढकलल्यामुळे आदळला तरी फाऊल नाही.

चेनक्रूवाली
बरोबर काका, म्हणूनच वेळ बघावी लागेल. व्हिडिओ आहे का? अगदी हळू करून बघ, 9 आदळला तेव्हा बॉल कुठे होता.

नाशिकचा_अण्णा
कबड्डीत असलं काही नसतं. लागला हात, आऊट. विषय संपला.

मक्याच्या_शेतात
बघितलं, पाच-सहा वेळा. किकरचा उजवा पाय वर गेलाय, डावा टेकलेला, आणि 9 चा खांदा त्या डाव्या गुडघ्याच्या बाजूला घुसलाय. बॉल तेव्हा बुटावरून सुटतोय, 44 चा पंजा अजून वीतभर लांब आहे. 9 ला कुणी ढकललेलंही नाही. किकरचा गुडघा आत वळतो ते दिसतंय, मैदानात मला ते दिसलंच नव्हतं, मी बॉलकडे बघत होतो. पण मग नुसता रनिंग इन्टू (किकरला साधा धक्का) का नाही दिला? 5 यार्डच गेले असते, चौथा म्हणजे शेवटचा डाऊन (प्रयत्न) होता, बॉल राखायला त्यांना 8 हवे होते.

चेनक्रूवाली
टेकलेल्या पायावर आदळला ना, त्या पायावर अख्खं वजन असतं, गुडघा कायमचा जातो, म्हणून रफिंग. शंका असेल तरी रफिंगच द्यायचं असं पुस्तकात आहे. आणि 5 यार्ड दिले असते तरी त्यांनी पेनल्टी घेऊन परत पंट केला असता, तुमचा टचडाऊन राहिला नसताच.

मक्याच्या_शेतात
हं. आजोबा कॉलेजात असताना पंटर होते. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं का? जिना उतरताना ते डाव्या हातानं कठडा धरून एकेक पायरी उतरतात. आता खाली जाऊन येतो त्यांच्याकडे.

अनघा_पुणे
मग गोलकीपर नसतोच का यात?