‘द बेअर’ला एमीने विनोदी मालिका का मानले?

प्रश्न : मृण्मयी_नाशिक

नमस्कार. शिकागोतल्या एका सँडविचच्या दुकानावर बेतलेल्या ‘द बेअर’ या मालिकेची पहिली दोन पर्वे मी नुकतीच पाहिली आणि नंतर तिला मिळालेल्या प्राइमटाइम एमी या अमेरिकन दूरचित्रवाणी पुरस्कारांची यादी वाचली. जिची सुरुवातच थोरल्या भावाच्या आत्महत्येनंतरच्या दिवसांत होते आणि जिच्या दुसऱ्या पर्वातला नाताळच्या जेवणाचा भाग पाहताना पोटात गोळा येतो, ती सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका कशी ठरली, हे मला उमगलेले नाही. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये हा पुरस्कार मिळाला तेव्हा दुसरे पर्व येऊन सहा महिने उलटले होते, तरी गौरव पहिल्याच पर्वाचा झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा सोहळा झाला. हे गट कोण ठरवते, मते कोण देते, आणि ‘दिल्ली क्राइम’ला मिळालेला एमी यांपैकीच आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

उत्तर : सदानंद_न्यूजर्सी

मृण्मयीताई, आधी तारखांचा गुंता सोडवतो. एमीचे वर्ष १ जून ते ३१ मे असे धरले जाते. ‘द बेअर’ची पहिली तीनही पर्वे जूनच्या उत्तरार्धात प्रदर्शित झाली, त्यामुळे प्रत्येक पर्व पुढच्या वर्षाच्या सोहळ्यात मोजले गेले. त्यात २०२३ साली अमेरिकेतील पटकथालेखक मे ते सप्टेंबर आणि अभिनेते जुलै ते नोव्हेंबर संपावर होते, म्हणून सप्टेंबरमध्ये व्हायचा ७५वा सोहळा १५ जानेवारी २०२४ पर्यंत पुढे ढकलावा लागला. ७६वा सोहळा मात्र ठरल्याप्रमाणे १५ सप्टेंबर २०२४ रोजी झाला आणि एकाच वर्षात दोन सोहळे आले.

मतदान करतात ते टेलिव्हिजन अकादमीचे सदस्य, म्हणजे याच व्यवसायात काम करणारी माणसे. त्यांची संख्या वीस हजारांच्या वर आहे. नामांकनाच्या फेरीत अभिनेत्यांना अभिनेते निवडतात, लेखकांना लेखक आणि संकलकांना संकलक. सर्वोत्कृष्ट मालिकेसाठी मात्र सगळेच मत देऊ शकतात. पूर्वी अंतिम निवड छोट्या परीक्षक मंडळांकडे असे. २०१५पासून ती सर्व पात्र सदस्यांकडे गेली. माझ्या मते हा बदल पुरस्कारांच्या स्वरूपावर सर्वाधिक परिणाम करणारा ठरला, कारण मोठ्या मतदारवर्गात ज्या मालिकेची चर्चा सर्वदूर आहे तिचे पारडे सगळ्याच गटांत जड होते आणि एकच मालिका एका रात्रीत भराभर पुरस्कार घेऊन जाते.

आता गटांविषयी. २०१५मध्ये अकादमीने लांबीचा नियम आणला, ज्यानुसार अर्ध्या तासाची मालिका विनोदी आणि त्याहून मोठी असेल ती नाट्यप्रधान धरली जाई. कोणाला गट बदलून हवा असेल तर त्याने नऊ जणांच्या समितीकडे अर्ज करायचा. याच नियमामुळे ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ विनोदी गटातून बाहेर पडली, आणि तिच्यातल्या अभिनेत्री उझो अदुबा यांना एकाच भूमिकेसाठी २०१४ साली विनोदी गटात व २०१५ साली नाट्यप्रधान गटात पुरस्कार मिळाला. पुढे २०२१च्या अखेरीस लांबीची अट काढून टाकण्यात आली. आता कोणत्या गटात उतरायचे हे निर्माते ठरवतात आणि शंका आल्यास फेरविचाराचा अधिकार अकादमीकडे राहतो. म्हणजे ‘द बेअर’ विनोदी गटात आहे ती निर्मात्यांच्या निवडीमुळे आणि त्या निवडीला अकादमीने हरकत न घेतल्यामुळे.

उत्तर : ध्वनिसंकलक_गोरेगाव

मी मराठी मालिकांच्या ध्वनिसंकलनाचे काम करतो, त्यामुळे या चर्चेतली सहसा दुर्लक्षित राहणारी बाजू मांडतो. दूरचित्रवाणीवर दिसणारा एमीचा मुख्य सोहळा साधारण पंचवीस पुरस्कारांचा असतो. एकूण गट मात्र शंभराहून अधिक आहेत आणि उरलेले बहुतेक पुरस्कार त्याआधी ‘क्रिएटिव्ह आर्ट्स’ एमीच्या समारंभांत दिले जातात. संकलन, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा, पात्रनिवड, पाहुण्या कलाकारांचा अभिनय हे सारे तिथे असते. पहिल्या पर्वासाठी ‘द बेअर’ला मिळालेल्या दहा पुरस्कारांपैकी चार याच समारंभांतले आहेत आणि त्यांत ध्वनिसंकलन व ध्वनिमिश्रण हे दोन्ही आहेत.

हे दोन्ही पुरस्कार ‘रिव्ह्यू’ नावाच्या भागासाठी मिळाले. जेमतेम वीस मिनिटांच्या या भागाचा बहुतांश काळ एकाच अखंड दृश्यात जातो. ऑनलाइन मागणी नोंदवण्याची सोय चुकून उघडी राहते आणि भटारखान्यातले छोटे छपाईयंत्र एकामागून एक चिठ्ठ्या ओकू लागते. हेडफोन लावून हा भाग जरूर ऐकावा. त्या यंत्राची कर्रकर्र थांबत नाही, तिच्यावर सुऱ्यांचे, भांड्यांचे आणि आरडाओरड्याचे थर चढत जातात, आणि तरीही महत्त्वाचा संवाद एका शब्दानेही हरवत नाही. इतकी माणसे एकाच वेळी बोलत असताना प्रत्येकाचा आवाज स्वच्छ वेगळा ठेवणे किती अवघड असते, हे मिश्रणाच्या टेबलावर बसलेल्यालाच कळते. तिथे कट नसल्यामुळे चूक दडवायला जागाही उरत नाही.

यात तुमच्या प्रश्नाशी निगडित एक बारकावा आहे. ज्या ध्वनिगटांत हे पुरस्कार मिळाले ते विनोदी आणि नाट्यप्रधान असे विभागलेले नसून अर्ध्या तासाच्या आणि एक तासाच्या मालिका असे विभागलेले आहेत. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हेच योग्य आहे, कारण आमच्या कामाचा पसारा भागाच्या लांबीवर अवलंबून असतो. प्रसंग हसवणारा आहे की रडवणारा, याने तो फारसा बदलत नाही.

उत्तर : केतकी_कोथरूड

‘दिल्ली क्राइम’ला २०२० साली मिळालेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा पुरस्कार आंतरराष्ट्रीय एमीचा आहे. तो न्यूयॉर्कमधली वेगळी संस्था देते, सोहळा नोव्हेंबरमध्ये होतो आणि तो प्रामुख्याने अमेरिकेबाहेर तयार झालेल्या कार्यक्रमांसाठी असतो. राधिका आपटे यांना २०१९मध्ये मिळालेले नामांकनही त्यातलेच. वीर दास यांचा २०२३चा पुरस्कारही तिथलाच.

गटांच्या बाबतीत मात्र सदानंद यांनी केवळ नियम सांगितला आहे. त्याची झळ कोणाला बसते, हेही सांगायला हवे. जानेवारी २०२४ मध्ये ‘द बेअर’समोर ‘ॲबट एलिमेंटरी’ होती. फिलाडेल्फियातल्या सार्वजनिक शाळेवरची ही मालिका एबीसी वाहिनीवर दाखवली जाते आणि स्पर्धेत असलेल्या तिच्या पर्वात तब्बल बावीस भाग होते. इतके भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांत कथा पूर्ण करून, हशा टिकवून आणि शिक्षकांचे दैन्य न लपवता लिहिणे, ही विनोदी लेखनाची फार कठीण कसोटी आहे. तिच्यातल्या क्विंटा ब्रन्सन यांना त्या रात्री सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे, पण मालिकेचा मान गेला तो मुळात त्या शर्यतीतली नसलेल्या कलाकृतीकडे. ‘द बेअर’ थोर आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. तिने नाट्यप्रधान गटात उतरून जिंकायला हवे होते.

उत्तर : सदानंद_न्यूजर्सी

केतकीताई, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि मतदारांनाही तो जाणवला असावा. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द बेअर’ला विनोदी मालिकेसाठी विक्रमी २३ नामांकने होती आणि तिने ११ पुरस्कार पटकावले, मृण्मयीताईंनी उल्लेखिलेल्या नाताळच्या भागासाठी ख्रिस्तोफर स्टोरर यांना दिग्दर्शनाचा आणि जेमी ली कर्टिस यांना पाहुण्या अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तरीही सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका ठरली ती लास व्हेगासमधल्या एका ज्येष्ठ विनोदी कलावतीची गोष्ट सांगणारी ‘हॅक्स’. पुढच्या वर्षी, तिसऱ्या पर्वासाठी, ‘द बेअर’च्या हाती एकही पुरस्कार लागला नाही आणि ‘द स्टुडिओ’ने पहिल्याच पर्वात १३ पुरस्कार मिळवून विनोदी मालिकेचा नवा विक्रम केला. तिसरे पर्व उतरणीला लागले होते, हेही त्यामागचे कारण असू शकते.

लांबीचा नियम परत आणावा, असे मात्र मला वाटत नाही, कारण त्या नियमानेही ‘द बेअर’ विनोदी गटातच बसली असती.

उत्तर : मृण्मयी_नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लांबीच्या जुन्या नियमानेही ती विनोदीच ठरली असती, हे माझ्या लक्षात आले नव्हते. ‘रिव्ह्यू’ आज रात्री हेडफोन लावून पुन्हा पाहते आणि त्यानंतर ‘ॲबट एलिमेंटरी’ सुरू करते.