'मुखवटा', 'प्राप्त', 'पारिपत्य' : बेनिनच्या हस्तिदंती लेण्यांसाठी कोणते शब्द?

प्रश्न : ब्रिटिश म्युझियममधल्या राजमाता इडियाच्या प्रतिमेला एका लेखात 'हस्तिदंती मुखवटा' म्हटलंय. पण ती चेहऱ्यावर घालायची वस्तू नाही. बेनिनचा (आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य, बेनिन हा देश नव्हे) ओबा, म्हणजे तिथला राजा, ती कमरेला लेत असे. मग मुखवटा कसा? शिवाय 'ब्रिटिशांच्या दंडात्मक मोहिमेत प्राप्त झाला' हे वाक्यही खटकतंय.

– 'मुखवटा' राहू द्या. मराठीत तो चेहरा झाकायलाच लागतो असं नाही. गौरीचा किंवा खंडोबाचा मुखवटा कोणी तोंडावर बांधत नाही. तो त्या देवतेचा चेहराच. सोंगाचा मुखवटा निराळा. इडिया ही सोळाव्या शतकातल्या ओबा एसिगीची आई, तेव्हा इथे पहिलाच अर्थ चपखल बसतो. 'पदक' मात्र नको, ते छातीवर रुळतं. 'कमरेला लेण्याचा मुखवटा' म्हटलं की काम झालं.

वस्तू जेमतेम वीतभर, पण काम बघण्यासारखं आहे. बुबुळांत लोखंड जडवलंय, आणि डोक्यावर दाढीवाल्या पोर्तुगीजांच्या मुंडक्यांची ओळ. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात याची जोडीदारीण आहे, तिच्या ओळीत एक मुंडकं, एक चिखलमासा अशी आलटून पालटून रांग आहे. हा मासा पाण्यात जगतो तसा जमिनीवरही तगतो, म्हणून माणूस आणि देव अशा दोन्ही अंगांनी वावरणाऱ्या ओबाची ती खूण.

– 'प्राप्त' बद्दल सहमत. पुरस्कार प्राप्त होतो, पदवी प्राप्त होते. कर्ता गायब आणि वर आदरयुक्त सूर! 'दंडात्मक मोहीम' हे तर सरळसरळ भाषांतर वाटतं. आपल्याकडे बखरीपासूनचा 'पारिपत्य' आहे की.

– शब्द झकास, पण इथे घातक. पारिपत्य गुन्हेगाराचं होतं, म्हणजे बेनिनला आधीच दोषी ठरवून आपण वाक्य सुरू करतो. जानेवारी १८९७ मध्ये फिलिप्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तुकडीतले बहुतेक लोक मारले गेले आणि फेब्रुवारीत ब्रिटिशांनी शहर घेतलं, हे खरं. पण याच फिलिप्सने नोव्हेंबर १८९६ मध्येच ओबाला पदच्युत करायची परवानगी मागितली होती, आणि त्याचा खर्च राजाच्या घरातल्या हस्तिदंतातून निघेल अशी आशाही लिहून कळवली होती. गुन्हा घडण्याआधीच दंडाची वसुली ठरलेली! त्यापेक्षा 'स्वारी' लिहा. ओबा ओवोनरामवेनला कालाबारला हद्दपार केलं, तेही त्याच वाक्यात येऊ द्या.

– मग सरळ 'संग्रहालयाने लुटलेला' का नको?

– कारण संग्रहालयाने तो लुटला नाही, विकत घेतला. राजवाड्यातून निघालेला हा मुखवटा राल्फ मूर या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे होता, पुढे सेलिगमन या मानववंशशास्त्रज्ञाकडे गेला आणि १९१० मध्ये म्युझियममध्ये आला. 'चोरीचा' हेही नेमकं नाही. चोरी लपून होते, लूट उघड आणि शस्त्राच्या जोरावर. (इंग्रजांनी 'लूट' हा शब्दही हिंदुस्थानातूनच उचलला, तो भाग वेगळा.) मी असं लिहीन : '१८९७ च्या स्वारीत ब्रिटिशांनी बेनिनच्या राजवाड्यातून लुटलेला, १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतलेला.' दोन क्रिया, दोन कर्ते.

– आणि 'प्रत्यार्पण'? बातम्यांत हल्ली सर्रास दिसतं.

– ते फरारी आरोपीचं. वस्तू 'परत करतात'. जर्मनीने २०२२ मध्ये आपल्या सरकारी संग्रहालयांतल्या बेनिनच्या वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, तिथे 'मालकी परत केली' म्हणा, कारण काही वस्तू उसन्या म्हणून जर्मनीतच राहिल्या. 'उसना' शब्द याच मुखवट्याच्या बाबतीत उलट्या बाजूनेही येतो. १९७७ च्या लागोसमधल्या कला महोत्सवाचं बोधचिन्ह इडियाचा हा चेहरा होता. नायजेरियाने मूळ मुखवटा त्यासाठी उसना मागितला, तो मिळाला नाही आणि प्रतिकृतीवर भागवावं लागलं. तिथे 'परत मागितला' लिहू नका, मागणी उसन्याचीच होती.