सोलापुरात बोन्सायसाठी जपानी मेपलचा बुंधा छाटावा का? (खुरपं, माळरान आणि दाभण या टोपणनावांनी तिघांची चर्चा)

खुरपं: अंगठ्याएवढा बुंधा आणि अडीच फूट उंची असलेला मेपल हाती असेल, तर शेंड्याचा मोह सोडा. छाटल्याशिवाय बुंधा सहसा निमुळता होत नाही. तयार झाड 12 इंचांचं हवं असेल तर पहिला काप 4 इंचांवर घ्या. नवा शेंडा मोकळा वाढू द्या. तो कापाजवळच्या बुंध्याइतका जाड होत आला की पुढचा काप, पण आधीपेक्षा कमी अंतरावर. पहिला काप आडवाच असावा. मेपलचं लाकूड खालच्या पेरापर्यंत वाळत जातं. पहिल्याच दिवशी तिरका काप घेतला, तर ज्या डोळ्यावर भरवसा तोच जातो. फुटवे जोडीने, समोरासमोर येतात. ते स्थिरावले की एक ठेवायचा आणि त्याच्या मागून उतरता काप घ्यायचा.

माळरान: पद्धत बरोबर, गाव चुकलं! छाटलेलं झाड नवे डोळे फोडतं ते मुळांत आणि बुंध्यात साठलेल्या शिलकीवर. मेपलला त्यासाठी थंडीची झोप लागते. आपल्याकडे जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेतही दुपारी स्वेटर अंगावर राहत नाही. मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की पानांच्या कडा करपतात, झाड शिलकीतून पुन्हा पानं काढतं, आणि अशा उपाशी झाडावर तुम्ही करवत चालवायला सांगताय. वर बोअरचं क्षारी पाणी. पान पिवळं अन् शिरा हिरव्या दिसल्या की समजा, लोह ओढलं जात नाहीये.

खुरपं: हिरवी जाळी बांधा, फक्त सकाळचं ऊन द्या, पावसाचं पाणी साठवून वापरा.

माळरान: जाळी ऊन अडवते. डिसेंबरची रात्र थंड करत नाही.

दाभण: दोघंही एक गोष्ट विसरलात. लाल पानांचे मेपल बहुधा कलमी असतात. मातीपासून थोड्या वर बुंध्यावर गाठ किंवा सालीचा बदललेला रंग दिसेल. काप त्याच्या खाली गेला तर फुटेल तो कलमाखालचा साधा हिरवा खुंट, पैसे दिले होते लालचे. शिवाय वरचा भाग टाकायचा कशाला? नवी पानं निबर झाली की गुटी बांधा, म्हणजे वरच्या भागाला झाडावरच मुळं फुटतील. बुंध्याच्या जाडीच्या दीडपट रुंद साल गोल काढा, आतला हिरवा थर पूर्ण खरवडा. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. सोललेल्या जागी ओलं मॉस (शेवाळ), वर प्लॅस्टिक. छाटणी त्यानंतर.

माळरान: गुटीचं मान्य. पण करवतीची एवढी हौस असेल तर चिंच किंवा उंबर घ्या. मृग लागला की कापा. उंबराचा चीक ओल्या फडक्याने पुसा, थांबला की कापावर जखम झाकणारी पेस्ट लावा. विटांचे 3 ते 6 मिमी तुकडे चाळून, थोडं शेणखत घालून कुंडी भरा. खाली राहिलेली वीटभुकटी टाकून द्या, तीच निचरा बंद करते. छाटल्यावर पाणी कमी करा. पानंच नाहीत तर ओढणार कोण? बरीच झाडं कापाने नाही, रोजच्या तांब्याभर पाण्याने मुळं कुजून मरतात. खतही फुटवे चार इंच होईपर्यंत नको.

खुरपं: उंबराचं पान मोठं, कुंडीत ते कितीसं लहान होणार? चिंच चालेल, पण कुंडीत तिचा बुंधा भरायला वर्षानुवर्षं लागतील. जमिनीत लावा, खाली फरशी ठेवा म्हणजे मुळं आडवी पसरतील.

माळरान: फरशी ठेवा, पण काळ्या मातीत नको. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि बारीक मुळं तटातट तुटतात. दोन फुटांचा खड्डा मुरूम आणि शेणखताने भरून मग लावा.